दर एक तारखेचा पेपर

उत्तर चुकलं म्हणून भाडं जास्त भरलेली भाडेकरू साताऱ्यात मी एकटीच असेन. एका महिन्यात दोनशे रुपये, आणखी एका महिन्यात एकशे पंचवीस. ते पैसे मला परत मिळाले नाहीत आणि मी मागितलेही नाहीत, कारण नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला होता.

मला मिरची कांडपाचं मशीन टाकायला जागा हवी होती. नवरा एमआयडीसीत पाळीवर जायचा, मुलं कॉलेजात गेली होती, आणि माझ्या हातची कांदा-लसूण चटणी न्यायला लोक घरी यायला लागले होते. फुकट वाटून वाटून दमले, तेव्हा म्हटलं, आता विकूनच बघू. मशीनला थ्री-फेज वीज लागते आणि आमच्या भागात रस्त्याला लागून, थ्री-फेज असलेली रिकामी खोली एकच होती. मालक वरच्या मजल्यावर राहायचे. लष्करातून निवृत्त झालेले हवालदार, सत्तरी ओलांडलेले, शर्टाच्या खिशाला कायम एक लाल पेन. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची.

मी जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही.

"गाव?"

"आष्टा."

"बरं. मग तू आष्टा."

पलटणीत म्हणे असंच असतं. माणसाला गावानं ओळखायचं. करारावर माझं नाव सासरच्या आडनावासकट लिहिलेलं होतं, पण पुढची तीन वर्षं मी त्या घरात आष्टाच होते. "आष्टा, शटर वर घे", "आष्टा, मशीन बंद कर, बातम्या लागल्यात."

"भाडं किती घेणार, आबा?" मी विचारलं.

"ते मी सांगणार न्हाई. तू काढायचं."

"म्हणजे?"

"एक तारखेला सकाळी सातला शटरखालनं पेपर येईल. संध्याकाळपत्तूर उत्तर आणि पैसे वर आणून द्यायचे. जेवढं उत्तर, तेवढं भाडं. जास्त आलं तर जास्त घेनार, कमी आलं तर कमी. फेरतपासणी न्हाई."

मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. आतून काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आवं, तिला आदी च्या तरी घिऊ द्या. मग घाबरवा."

एक तारखेला खरंच पेपर आला. वहीचा कागद, वर मधोमध 'भाडे परीक्षा', खाली घोटीव अक्षरात प्रश्न. 'छापील भाडे ५००० रुपये. त्यावर शेकडा १० सूट. उरलेल्या रकमेवर पुन्हा शेकडा ५ सूट. तर भाडेकरूने किती द्यावे?' मी दहा आणि पाच पंधरा केले, पाच हजारातून पंधरा टक्के काढले, आणि संध्याकाळी चार हजार दोनशे पन्नास घेऊन वर गेले. आबांनी नोटा मोजून खिशात घातल्या, लाल पेन काढलं आणि माझ्यासमोरच कागदावर भली मोठी फुली मारली. बरोबर उत्तर चार हजार दोनशे पंच्याहत्तर होतं. त्यांचे पंचवीस रुपये बुडाले होते आणि चेहरा असा खुलला होता की जणू लॉटरी लागली.

"दुसरी सूट कशावर, आष्टा? पाच हजारावर का साडेचार हजारावर?"

"आबा, पंचवीस रुपयांनी काय होतंय?"

"मी रुपय इचारतच न्हाई. मी इचारतोय, कशावर?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टक्का एकटा कधी येत नाही, असं ते म्हणत. "टक्का पायी चालत न्हाई. कशावर तरी बसून येतो. तो दारात आला की पयलं इचारायचं, बाबा, कशावर बसून आलास? घोडं बगायचं, स्वार न्हाई बगायचा."

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायला गेले तर तपासलेला कागद शटरवर चिकटवलेला. फुली, गुण दहापैकी चार, खाली सही. मिरच्या घेऊन आलेल्या बायका तो वाचत उभ्या.

"काय वो ताई, चारच? माझ्या नातीला सात पडत्यात."

मी रागाने वर गेले. आबा म्हणाले, "निकाल जाहीर लावायचा असतोय." काकी म्हणाल्या, "मी सांगितलं हुतं, तिची शोभा करू नगा. ऐकत्यात कुठं."

दोनशे रुपये गेले ते तिसऱ्या महिन्यात. प्रश्न होता: 'मालकाने ५००० रुपये भाडे शेकडा २० ने वाढवले. भाडेकरूने रड केली म्हणून वाढलेले भाडे शेकडा २० ने कमी केले. तर आता भाडे किती?' मी प्रश्न पुरता वाचलाही नाही. वाढवलं तेवढंच कमी केलं, पाच हजार दिले. शटरवर शून्य लागलं. वीस टक्क्यांनी पाच हजाराचे सहा हजार झाले, आणि सहा हजाराचे वीस टक्के बाराशे होतात, म्हणजे चार हजार आठशे. चढले हजार आणि उतरले बाराशे. जिना तोच, पण उतरताना पायऱ्या मोठ्या.

एकदा मी पायऱ्यांचे गुण मागितले. उत्तर चुकलं तरी टक्के काढायची रीत तर बरोबर होती ना. तर म्हणाले, "चटनी इकताना पायऱ्यांचं गुन देतं का कोन?"

आणि उत्तर बरोबर आलं तरी दहापैकी नऊच. का, तर मी उत्तरापुढे 'रुपये' लिहायला विसरायची. "चार हजार पाचशे काय? मिरच्या?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे किराणा दुकानाच्या यादीतही 'रुपये' लिहायला लागले.

मी काही साधुसंत नाही. आठव्या महिन्यात मिरचीचा भाव चढला होता, हात आखडता होता, तेव्हा मी मुद्दाम चुकले. चारशे रुपये कमी येतील असं उत्तर काढलं आणि भोळा चेहरा करून वर नेऊन दिलं. आबांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी शटरवर निकाल: 'गुण ०. शेरा – चूक जाणूनबुजून केलेली आहे.'

तो कागद मी फाडेपर्यंत दहाबारा जणींनी वाचला होता. त्या दिवसापासून महिनाभर प्रत्येक बाई मिरच्या वजनाला टाकताना वाकून काटा बघायची. "ताई, काटा बराबर हाय न्हवं?" मी चारशे रुपये घेऊन वर गेले, तर घेईनात. "परीक्षा संपली." चारशे वाचवले आणि महिनाभराचा संशय विकत घेतला. हा व्यवहार नफ्याचा की तोट्याचा, हे काढायला टक्क्यांची गरज नव्हती.

एवढं गणिताचं वेड या माणसाला कुठून लागलं, ते काकींनी एकदा लसूण सोलता सोलता सांगितलं. आबांची नोकरी बंदूक धरण्यात कमी आणि कॅन्टीनच्या काउंटरवर जास्त गेली. बावीस वर्षं साबण, चहापत्ती, प्रेशर कुकर. किंमत वरून लिहून यायची. घासाघीस नाही, सूट नाही, उधारी नाही. समोरच्याने पावती द्यायची, ह्यांनी माल द्यायचा, पुढचा माणूस. नफा म्हणजे काय, तोटा कसा होतो, हे त्या माणसाने फक्त पुस्तकात वाचलं. घरी आल्यावर काकींनी त्यांना एकदा मंडईत पाठवलं होतं. भाजीवाली म्हणाली वीस रुपये पेंडी, तर ह्यांनी वीस दिले आणि वर म्हणाले, "थँक यू." त्यानंतर मंडई काकींकडे. काकी मेढ्याकडच्या. लहानपणी आईबरोबर बाजारात तांदूळ विकायला बसलेल्या. शेकडा, सरासरी, मुद्दल यातला एक शब्द त्यांना माहीत नव्हता, पण आबा मोठ्याने म्हणत प्रश्न लिहायला लागले की काकी चुलीपाशी उत्तर सांगून मोकळ्या व्हायच्या. आबा म्हणायचे, "तिचं उत्तर धरायचं न्हाई. रीत न्हाई दाखवली."

रद्दीवाल्याकडून त्यांनी अंकगणिताची जुनी पुस्तकं आणलेली होती. त्यातल्या नफा-तोट्याच्या प्रकरणाची पानं हाताळून हाताळून पिवळी पडली होती. बाकी प्रकरणं कोरी. त्या गणितांमधली माणसं आबांना शेजाऱ्यांसारखी वाटायची. 'एका दुकानदाराने घड्याळ शेकडा १० तोट्याने विकले' असं गणित होतं, त्याच्या समासात आबांनी लाल पेनने लिहिलं होतं: 'का?'

तोटा त्यांना समजायचाच नाही. गणित सुटायचं, माणूस सुटायचा नाही. "आता बग, आष्टा. नऊशेला आनलं, आठशे धाला इकलं. का इकलं? कुणी धरलं हुतं का त्याला? पुस्तकात लिहीत न्हाईत." रात्रीच्या जेवणाला ते काकींना सांगायचे, "आज त्या घड्याळवाल्यानं परत तोटा खाल्ला." काकी भाकरी थापता थापता म्हणायच्या, "मग त्याला म्हनावं दुकान बंद कर आनि पलटनीत जा."

एकदा एका कपड्यांच्या दुकानावर पाटी लागली, पन्नास टक्क्यांपर्यंत सूट. 'पन्नास' म्हशीएवढं आणि 'पर्यंत' मुंगीएवढं. आबा आत गेले आणि म्हणाले, पन्नासवाला शर्ट दाखवा. दहावाले निघाले, पंधरावाले निघाले, एक पंचवीसवाला निघाला. आबा स्टुलावर बसून राहिले. दुकानातल्या दोघांनी पाऊण तास शोधून शेवटी माळ्यावरून एक पिवळाधमक शर्ट काढला, ज्यात आबा आणि काकी दोघं मावले असते. पाटी खोटी नाही हे सिद्ध झाल्यावर आबांनी तो विकत घेतला. म्हणाले, पोरांनी लय मेहनत केली. पुढे त्यांच्या स्कूटरवर झाकण म्हणून तो शर्ट असायचा, बटणं लावून.

या सगळ्याची मला मजा वाटायची, पण मी ते मनावर घेतलं नव्हतं. सांगलीला जाईपर्यंत.

तिसऱ्या वर्षी मी दुसरं मशीन घेतलं. पोस्टातली मुदतठेव मोडली, दोन बायका कामाला ठेवल्या आणि हंगामाच्या भरात पाच क्विंटल चटणीला पुरेल एवढी मिरची भरून टाकली. आणि नेमकं त्याच वर्षी गल्लीच्या दोन्ही टोकांना दोन नवीन कांडपं सुरू झाली. मे निम्मा सरला तरी पोती तशीच. मिरचीला पावसाळी हवा लागली की ती मऊ पडते, मग बुरशी, मग उकिरडा. पोस्टातले पैसे लेकीच्या पुढच्या वर्षाच्या फीचे होते. जून तोंडावर होता.

सांगलीच्या एका मोठ्या किराणा व्यापाऱ्याने नमुना मागवला होता. त्याला चटणी आवडली आणि त्याने बोलणी करायला बोलावलं. पाचशे किलो, एकरकमी. नवऱ्याची पाळी होती. मी एकटी निघणार हे कळल्यावर आबा जिन्यात उभे.

"मी येतो."

"तुम्ही कशाला, आबा?"

"मी आजवर सौदा बगितला न्हाई. पुस्तकातच वाचलाय."

काकींनी त्यांना शपथ घातली. तिथं गेल्यावर तोंड उघडायचं नाही. "त्यो व्यापारी हाय, भाडेकरू न्हाई. पेपर काढू नगा त्याच्यापुढं."

एसटीत कंडक्टरने विचारलं, मी म्हटलं दोन अर्धी, सांगली. बायकांना निम्मं तिकीट, म्हाताऱ्यांना निम्मं. कंडक्टर तिकिटं फाडून पुढे जाणार तेवढ्यात आबांनी त्याला धरलं.

"दोन अर्धी म्हंजे एक पूर्न. म्हंजे आमच्यातलं एक फुकट चाललंय. कोन?"

"आजोबा, आत सरका."

"न्हाई, पर कोन?"

कंडक्टरने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. इस्लामपूर गेलं, मग आष्टा आलं. आबांनी पाटी वाचली, मला कोपराने ढोसलं आणि म्हणाले, "तुझं नाव आलं."

व्यापाऱ्याचं दुकान मोठं, आत थंड हवा, वेलदोड्याचा चहा. शेठ पन्नाशीचे, गोड बोलणारे. आबांना त्यांनी उठून नमस्कार केला. "फौजी आहात? बसा, बसा. आमच्या घरातलेही दोघं आहेत फौजेत." आबा खूश. शपथेप्रमाणे बोलले नाहीत, पण दोन वेळा चहा घेतला.

मग शेठ माझ्याकडे वळले. "ताई, माल एक नंबर. तुमचा दर किती?"

"तीनशे रुपये किलो." मला किलोमागे अडीचशे खर्च येत होता. पन्नास माझे.

"मंजूर. मी एक पैसा कमी करा म्हणणार नाही." असं म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "फक्त एक करा. गिऱ्हाइकाला सूट दिसली पाहिजे, नाहीतर हात लावत नाही. तुमच्या तीनशेवर चाळीस टक्के वाढवा आणि पाकिटावर चारशेवीस छापा. मग मला चाळीस टक्के सूट द्या. वाढवलं तेवढंच उतरवलं. तुमच्या खिशातलं काय गेलं?"

काहीच गेलं नाही, असं मला वाटलं. खरंच वाटलं. डोळ्यांपुढे रिकामी पोती आणि भरलेली फी दिसत होती. पाचशे किलो म्हणजे पंचवीस हजार नफा. जूनच्या आत. शेठनी छापील फॉर्म पुढे सरकवला. माझ्या सहीची जागा, त्यांच्या सहीची, खाली साक्षीदार. मी फॉर्म जवळ ओढला.

तेवढ्यात शेजारी टक् असा आवाज झाला. आबांनी खिशातलं लाल पेन काढून टोपण उघडलं होतं.

तो आवाज मला ओळखीचा होता. त्या आवाजानंतर फुली येते आणि दुसऱ्या दिवशी ती गल्लीला दिसते. माझा हात थांबला. आबा माझ्याकडे बघत नव्हते, समोर कॅलेंडरकडे बघत होते. मी मनात म्हटलं, काहीतरी चुकलंय. काय चुकलंय? आणि मग आपोआप पुढचा शब्द आला: कशावर?

मी एसटीचं तिकीट पालथं केलं. चाळीस टक्के चढवले तीनशेवर, म्हणजे एकशेवीस. चाळीस टक्के उतरवायचे चारशेवीसवर, म्हणजे एकशे अडुसष्ट. चारशेवीस वजा एकशे अडुसष्ट, दोनशे बावन्न. अडीचशेचा खर्च, सांगलीपर्यंत टेम्पोचं भाडं किलोमागे सहा रुपये. पाचशे किलो चटणी कुटून, भरून, आणून द्यायची आणि वर किलोमागे चार रुपये आपल्या खिशातले घालायचे.

"शेठ," मी म्हटलं, "तुम्ही चढवलं तीनशेवर आणि उतरवताय चारशेवीसवर. मला दोनशे बावन्न मिळतात."

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. मग हसले. वाईट नाही हसले. पकडलं गेल्यावर पट्टीचा व्यापारी हसतो तसं. "ताई गणिताच्या शिक्षिका का?"

"नाही, भाडेकरू."

त्यांना कळलं नाही. मी सांगत बसले नाही. "पाकिटावर चारशे छापते. पंचवीस टक्के सूट घ्या. मला तीनशे मिळाले की झालं."

"पंचवीस फार कमी दिसतं हो. चाळीस डोळ्यात भरतं."

"मग पाचशे छापते, चाळीस टक्के घ्या. माझे तेव्हाही तीनशेच."

"पाचशेला कोण बघेल चटणीकडे?"

"तेच म्हणते मी."

तासभर चाललं. शेवटी चारशे छापील, पंचवीस टक्के सूट, वाहतूक त्यांच्याकडे, पण माल पाचशेऐवजी तीनशे किलो. उरलेले दोनशे माझे मी आठवडी बाजारांतून विकले, घसा बसला, पण विकले. लेकीची फी वेळेत गेली. माल न्यायला टेम्पो आला त्या दिवशी पहिल्या पावसाचे चार थेंब पडले होते, पण तोपर्यंत पोती रिकामी होती.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले. मी म्हटलं, "आबा, आज पेन काढलंत, मी वाचले."

कासेगाव गेलं, कराड गेलं. उंब्रजच्या पुढे आल्यावर खिडकीकडे बघत म्हणाले, "सही कराय काढलं हुतं."

"काय?"

"साक्षीदार म्हनून. खाली जागा हुती न्हवं का." मग खिशातलं पेन चाचपत, "मला वाटलं, मानूस बरोबर बोलतोय. वाढवलं तेवढंच उतरवलं."

मी हसले असते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू गिळलं. हेच गणित त्यांनी मला दोनशे रुपयांना शिकवलं होतं. तेच गणित समोर बसून, चहा पाजून, नमस्कार करून बोललं, तर त्यांना ओळखू आलं नाही.

"समोर खरा दुकानदार बसला की न्हाई आठवत, आष्टा," ते म्हणाले. "पुस्तकातला च्या पाजत न्हाई."

एक तारीख आली. सात वाजले, आठ वाजले, शटरखालून कागद आला नाही. मी वर गेले तर आबा वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून बसलेले, आणि खिशाला पेन नाही. काकी मला आत ओढून म्हणाल्या, "आठ दिस झालं, पुस्तकाला हात न्हाई. म्हनत्यात, मी नापास झालो, आता पेपर काढायचा हक्क न्हाई. बग बाई काय तरी. दिसभर घरात गप बसून असत्यात, मला काम सुचंना."

खाली येऊन मी वहीचा कागद घेतला. वर 'भाडे परीक्षा' लिहिलं. 'एका हवालदाराने भाडे शेकडा १० ने वाढवले. भाडेकरू ओरडली म्हणून वाढलेले भाडे शेकडा १० ने कमी केले. आता त्याला ४९५० रुपये मिळतात. तर मूळ भाडे किती होते? जेवढे उत्तर, तेवढेच भाडे मिळेल. फेरतपासणी नाही.' आणि कागद त्यांच्या दाराखालून सरकवला.

अर्ध्या तासात जिन्यावर पावलं वाजली. आबा कागद घेऊन स्वतः खाली आले. तीन रीतींनी सोडवलेलं, समीकरण मांडून, त्रैराशिकाने आणि ताळा करून. खाली दोन रेघांमध्ये उत्तर: ५०००.

मी फळीवरून माझं पेन घेतलं. लालच होतं, मघाशीच कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं.

"आबा, पाच हजार काय?"

त्यांनी कागदाकडे बघितलं. दोनदा बघितलं.

"मिरच्या?" मी विचारलं.

"आष्टा, तीन रीती दाखवल्यात. पायऱ्यांचं तरी…"

"चटणी विकताना पायऱ्यांचे गुण देतं का कोण?" मी दहापैकी नऊ लिहिले, सही केली, आणि वर जाऊन कागद त्यांच्या दारावर चिकटवला. मग खाली येऊन काटा लावला आणि ताजी चटणी मोजली. पाच हजार ग्रॅम. पाच किलोची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"हे काय?"

"भाडं. जेवढं उत्तर तेवढंच. पुढे रुपये लिहिलं नव्हतंत."

आबा पिशवी धरून उभे राहिले. ओठ हलत होते. हिशेब चालू होता. "तीनशेनं पाच किलो, दीड हजार. पाच हजारावर साडेतीन हजार गेलं. शेकडा सत्तर तोटा." आणि ते इतक्या मोठ्याने हसायला लागले की मिरची कुटणाऱ्या बायकांनी मशीन बंद करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेले साडेतीन हजार घेऊन गेले. घेतले नाहीत. परीक्षा संपली होती. पेन खिशाला परत आलं होतं आणि दारावरचा नऊ गुणांचा कागद त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून चारही बाजूंनी टाचण्या मारून घेतला होता. येणाऱ्या प्रत्येकाला ते तो दाखवत होते आणि एक गुण कसा अन्यायाने गेला ते सांगत होते. पुढच्या एक तारखेला सकाळी सातला शटरखालून जो पेपर आला, तसा अवघड पेपर मी आजवर पाहिलेला नाही. त्यात मी जास्त भरलेले एकशे पंचवीस रुपये या लेखाच्या सुरुवातीला सांगितलेच आहेत.

त्या वर्षाच्या शेवटी मी गावाबाहेर मोठी शेड घेतली. निघताना काकींना चटणी द्यायला वर गेले, तर आबा झोपले होते आणि ते पिवळ्या पानांचं अंकगणित टेबलावर उघडं पडलं होतं. काकींनी त्यातल्या एका गणितावर बोट ठेवलं. "वाच. मला काय वाचाय येत न्हाई, पर लिवताना हसत हुतं."

घड्याळवाल्याचं गणित होतं. 'एका दुकानदाराने घड्याळ शेकडा १० तोट्याने विकले.' समासात जुनं, फिकट पडलेलं 'का?' आणि त्याखाली ताज्या लाल शाईत: 'आष्टा भेटली असेल.'